दोन फोन, ३८ मुलं आणि आठ तास

एका शिक्षकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्गात ३८ मुलं, वय तेरा-चौदा. हाताशी दोन स्मार्टफोन, एक जुना लॅपटॉप आणि प्रोजेक्टर. ४० मिनिटांचे आठ तास मिळणार आहेत. मुलांबरोबर फिल्म करायची आहे आणि पैसे जेमतेम आहेत. ते कॅमेऱ्यावर घालावेत, ट्रायपॉडवर की लाइटवर? आणि शेवटी गुण कसे द्यायचे?

तिन्हींपैकी कशावरही घालू नका. थोडे पैसे लागतील, पण ते आवाजासाठी. त्याबद्दल पुढे सांगतो.

मी वर्गात फिल्म करायला लागलो तेव्हा मलाही वाटायचं की सगळी अडचण पैशांची आहे. पहिल्या वर्षी खटपट करून एक चांगला कॅमेरा उसना आणला. झालं असं, की सहा मुलं कॅमेऱ्याभोवती आणि बाकीचा सगळा वर्ग खिडकीपाशी. पंधरा मिनिटांत खिडकीवाल्यांनी आपापली करमणूक शोधली आणि ती आमच्या एकूण एक टेकमध्ये ऐकू येते. चित्र मात्र सुरेख आलं होतं! त्यानंतर मी सामानाची यादी करणं सोडलं आणि एकच प्रश्न धरून बसलो: या क्षणी रिकामं कोण आहे? खाली जे लिहिलंय ते सगळं याच प्रश्नातून आलंय.

आधी मुलांचं गणित मांडा. ३८ जणांचे सहा गट: चार गट सहा-सहाचे, दोन सात-सातचे. प्रत्येक गटाची फिल्म दोन मिनिटांची आणि जास्तीत जास्त १२ शॉट्सची (शॉट म्हणजे बटण दाबल्यापासून थांबवेपर्यंतचा तुकडा; तोच शॉट जितक्यांदा घ्याल तितके टेक). दोन फोन म्हणजे एका वेळी दोनच गट शूटिंग करणार, तेव्हा सहा गटांचं शूटिंग तीन तासांत उरकतं. त्या वेळी उरलेल्या चार गटांना खरंखुरं काम हवं. 'शांत बसा' हे काम नव्हे. एक गट तालीम करेल, एक कागदावर शॉट्स काढेल, एक लॅपटॉपवर जोडकाम, म्हणजे एडिटिंग, करेल, आणि एक आवाज गोळा करत फिरेल. हे वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुसू देऊ नका.

पहिल्या तासाला गोष्ट, पटकथा, काहीही नको. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी जे पहिले चित्रपट दाखवले ते जेमतेम ५० सेकंदांचे होते, कारण कॅमेऱ्यात फिल्मची सुमारे १७ मीटरचीच गुंडाळी मावायची. कॅमेरा एका जागी ठेवायचा, हँडल फिरवायचं, गुंडाळी संपली की चित्रपट संपला. तोच नियम मुलांना द्या. फोन स्थिर, एक मिनिट, झूम नाही, हलवणं नाही, पुन्हा घेणं नाही. फोन कुठे ठेवायचा आणि बटण कधी दाबायचं, एवढंच गटाने ठरवायचं. एरवी मुलं फोन उचलला की चारी दिशांना फिरवत सुटतात. इथे त्यांना पहिल्यांदाच विचारावं लागतं की या चौकटीत एक मिनिटभर काय घडणार आहे. मला आठवतंय, एका गटाने जिन्याच्या पायरीवर फोन ठेवला आणि घंटा व्हायच्या दहा सेकंद आधी बटण दाबलं. आधी रिकामा जिना, मग दुरून आवाज, मग एक बूट, मग बुटांचा लोंढा, आणि शेवटी पाठीवर दप्तर उलटं अडकवलेला एकटाच मुलगा सावकाश उतरताना. कुणी दिग्दर्शन केलं नव्हतं त्याचं. पण बटण केव्हा दाबायचं हे त्यांनी ठरवलं होतं.

फोन हातात नसलेल्या मुलांसाठी जाड कागदात १६ गुणिले ९ सेंटिमीटरची खिडकी कापा. प्रत्येकाची स्वतःची. एक डोळा मिटून त्यातून बघायचं, खिडकी डोळ्याजवळ आणली की दृश्य रुंद, लांब धरली की क्लोजअप. खर्च शून्य, आणि पुढचे सात तास ही खिडकी प्रत्येकाच्या वहीत राहते.

दुसऱ्या तासाला ती सहा मिनिटं बघा. चांगलं-वाईट न म्हणता फक्त 'काय दिसलं' हे सांगायचं, ही अट घाला. उरलेल्या वेळात एक जुना प्रयोग करा. गटातल्या एकाचा चेहरा पाच सेकंद शूट करायचा, चेहऱ्यावर काहीही भाव न आणता. मग तीन वेगळे शॉट्स घ्यायचे: एक तपासलेला पेपर, एक बंद दार, एक रिकामा बाक. चेहरा-पेपर-चेहरा, चेहरा-दार-चेहरा, असं जोडून दुसऱ्या गटाला दाखवलं की ते शपथेवर सांगतात, 'पहिल्यात तो घाबरलाय, तिसऱ्यात त्याला मित्राची आठवण येतेय.' चेहरा एकच असतो. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. मुलांना याचा उपयोग फार मोठा आहे: अभिनय येत नाही म्हणून मागे राहणाऱ्या मुलाला कळतं की अर्धा अभिनय जोडकामात होतो.

कुलेशोव्हचीच दुसरी गोष्ट तुम्हाला, म्हणजे शिक्षकाला, जास्त कामाची आहे. क्रांतीनंतरच्या रशियात कच्च्या फिल्मची एवढी टंचाई होती की त्याचे विद्यार्थी 'फिल्मशिवाय फिल्म' करायचे. शॉट्स ठरवलेले, हालचाली बसवलेल्या, पण कॅमेऱ्यात काही नाही. चौथ्या तासाला मी हेच करून घेतो. फोन कपाटात. कागदी खिडकी हेच कॅमेरा. १२च्या १२ शॉट्स ओळीने करून दाखवायचे, प्रत्येकाला 'कट' म्हणायचं. ज्या गटाचं इथे अडतं, त्याचं फोन हातात आल्यावर दुप्पट अडतं. हा तास वाचवायचा मोह होईल. वाचवू नका.

मधल्या, तिसऱ्या तासाबद्दल. गोष्ट मुलांवर सोडली की खून, भूत किंवा अपहरण, यापलीकडे गाडी जात नाही. मी मनाई करत नाही, अटी घालतो. जागा शाळेच्या आवारातलीच. पात्रं दोन, फार तर तीन. गोष्टीच्या मध्यावर एक वस्तू हवी, जी हातातून हातात जाते. आणि फिल्म मुकी. संवाद नाहीत, लागलंच तर निवेदन, तेही नंतर रेकॉर्ड केलेलं. संवाद काढले की गोष्ट आपोआप बघण्याजोगी होते, आणि आवाजाची नव्वद टक्के डोकेदुखी संपते. (मुलं कुरकुरतात. कुरकुरू द्या.) पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा सिनेमाच्या धंद्यात अंदाज असतो. पण दोन मिनिटांच्या मुक्या फिल्मला पटकथेपेक्षा १२ चौकोन आखलेला कागद पुरे. चौकोनात काडीची माणसं, खाली एक ओळ: कोण काय करतो.

दिग्दर्शक कोण, यावर भांडण ठरलेलं. माझा तोडगा: दर चार शॉट्सनी दिग्दर्शक बदलतो. १२ शॉट्स, तीन दिग्दर्शक. बाकी कामंही तशीच फिरतात: कॅमेरा, आवाज, नोंदवही, सामान. नोंदवहीवालं मूल हुशार नसलं तरी चालेल, चिकाटीचं हवं. मागच्या शॉटमध्ये दप्तर कोणत्या खांद्यावर होतं, बाही दुमडलेली होती का, कितवा टेक बरा होता, हे त्याने लिहायचं. शॉट आणि टेकचा आकडा कागदावर लिहून शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर धरायचा. हा कंटाळवाणा नियम ज्यांनी पाळला नाही ते गट जोडकामाच्या वेळी 'हा की तो' करत बसलेले मी पाहिलेत.

आता शूटिंगचे तीन तास. फोनची तयारी आदल्या दिवशी करा. फोनचा साठा (स्टोरेज) रिकामा, फोन एअरप्लेन मोडवर, चार्जिंग पूर्ण. रिझोल्यूशन १०८० ठेवा. ४के नको, तुमचा जुना लॅपटॉप गुडघे टेकेल. सेकंदाला ३० फ्रेमने १०८०चं एक मिनिट साधारण ६० ते १३० एमबी घेतं. १२ शॉट्स, दोन-दोन टेक, पंधरा-पंधरा सेकंद, म्हणजे गटामागे सहा मिनिटं. फार झालं तर ८०० एमबी. सगळे गट मिळून पाच जीबीच्या आत. सेटिंगमध्ये व्हिडिओच्या साच्याचा पर्याय असेल तर एच २६४ निवडा. काही नवे फोन आपणहून एचईव्हीसी या दुसऱ्या साच्यात शूट करतात. त्यात फाइल लहान होते, पण जुन्या लॅपटॉपवर ती अडखळत चालते आणि मुलांना वाटतं आपलंच काही चुकलं.

आणि लेन्स पुसा. हसू नका. फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकट डाग असतोच, आणि मग खिडकीचा उजेड फ्रेमभर पसरतो. 'फोनचा कॅमेरा खराब आहे' अशा बऱ्याच तक्रारी रुमालाने सुटतात.

उजेडासाठी खिडकी वापरा. पात्राची पाठ खिडकीकडे नको. चेहऱ्याची एक बाजू खिडकीकडे, आणि दुसऱ्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, पांढरा थर्माकोल किंवा पांढरा पुठ्ठा धरलेला एक मुलगा. फरक त्याला स्वतः बघू द्या: थर्माकोल आत-बाहेर करायचा, चेहऱ्यावरची सावली मऊ होताना दिसते. वर्गातल्या ट्यूब बंद करा, नाहीतर दोन रंगांचा उजेड मिसळून चेहरे आजारी दिसतात. ट्यूबशिवाय चालणारच नसेल आणि चित्रात पट्टे सरकताना दिसत असतील, तर ते विजेचं लपलपणं आहे: ५० हर्ट्झची वीज असते तिथे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोनमध्ये शटर हाताने ठरवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. ६० हर्ट्झची वीज असेल तर १/६० किंवा १/१२०. शॉटच्या आधी पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. हे केलं नाही तर कुणी पांढरा शर्ट घालून समोरून गेलं की अख्खं दृश्य काळवंडतं.

ट्रायपॉडऐवजी पुस्तकांची चळत आणि वाळू भरलेली कापडी पिशवी. पिशवीत खळगा करून फोन रुतवला की तो हव्या त्या कोनात बसतो. कॅमेरा हलवायचाच असेल तर चाकांची खुर्ची आहे, पण गटाला एकच असा शॉट द्या. नाहीतर फिल्म बाजूला राहते आणि खुर्चीची सफर सुरू होते.

जमिनीवर मात्र खडूची एक रेघ मारा. समोरासमोर उभ्या दोन पात्रांच्या पायांना जोडणारी. सगळे शॉट्स त्या रेघेच्या एकाच बाजूने घ्यायचे. रेघ ओलांडली तर पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि कोण कुणाशी बोलतंय कळत नाही. हा नियम तोंडी समजावायला मला एके काळी अर्धा तास लागायचा. खडूने दोन मिनिटं लागतात. अजून एक सवय लावा: 'ॲक्शन' म्हणण्याआधी तीन सेकंद आणि काम संपल्यावर तीन सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. जोडायला दोन्ही टोकांना जरा शिल्लक लागतेच.

तासाची घंटा होण्याआधी सगळ्या फाइल्स लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर, दोन ठिकाणी. मी एकदा 'उद्या घेऊ' म्हटलं होतं. त्या संध्याकाळी फोनच्या मालकाने जागा हवी म्हणून साफसफाई केली. गटाने दुसऱ्या दिवशी सगळं परत शूट केलं, खरं तर आधीपेक्षा बरं केलं, पण माझ्याशी ती मुलं आठवडाभर धड बोलली नाहीत.

आता आवाज, म्हणजे पैशांचा प्रश्न. संवाद नसले तरी निवेदन आणि जागेवरचे आवाज उरतातच. धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतात, न कळणारा आवाज नाही. बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल कमी होतो, पण पंख्याची घरघर आणि खोलीचा घुमारा तेवढेच राहतात. तीन मीटरवरच्या कॅमेऱ्यातला माइक आणि तोंडापासून ३० सेंटिमीटरवरचा माइक यात २० डेसिबलचा फरक पडतो. म्हणून माइक जवळ न्या, मग तो कसलाही असो. कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेला, सिम नसलेला जुना फोन यासाठी अगदी झकास: काठीला बांधून चौकटीच्या वर धरला की झाला बूम. दृश्याच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. व्हिडिओत तळवे मिळालेले दिसतात, लॅपटॉपवर आवाजाच्या आलेखात टाळीचं टोक दिसतं, दोन्ही एकावर एक आणले की जुळलं. अर्धा-एक मिनिटाच्या तुकड्यांत हे पक्कं बसतं, लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये हळूहळू सरकतं, म्हणून तुकडे छोटेच ठेवा.

काही विकत घ्यायचंच तर लांब वायरचा, कॉलरला लावायचा एक साधा माइक घ्या. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आहेत ना, ते बघा. दोन रेघांची पिन कॅमेऱ्यासाठी असते; फोनमध्ये ती घातली तर फोन आपला स्वतःचाच माइक वापरत राहतो आणि तुम्हाला घरी जाऊन कळतं. फोनला गोल भोकच नसेल तर त्याच्या चार्जिंगच्या भोकात बसणारा माइक. बस, एवढीच खरेदी.

शूटिंगच्या वेळी प्रत्येक गटात कानाला इअरफोन लावलेलं एक मूल हवं, आणि 'थांबा' म्हणायचा अधिकार दिग्दर्शकाखेरीज फक्त त्याला. एका वर्षी हे काम मी एका अशा मुलीला दिलं, जी वर्षभर हजेरीपलीकडे काही बोलली नव्हती. तिसऱ्या टेकला तिने हात वर केला. 'काय झालं?' 'कबुतर.' कुणालाच ऐकू आलं नव्हतं. परत ऐकलं, तर संपूर्ण टेकभर कबुतर घुमत होतं. त्या दिवसानंतर वर्गातले सगळ्यात दांडगे दोघे शॉटच्या आधी तिच्याकडे बघायला लागले. पंखा बंद करायचं काम कुणाचं, हेही नाव घेऊन ठरवा, आणि चालू करायचंसुद्धा त्याचंच.

तुमची फिल्म मुकी असल्यामुळे बाकीचे आवाज नंतर तयार होतात, आणि इथेच रिकाम्या गटांना सोन्यासारखं काम मिळतं. लॅपटॉपवर आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर टाका, ते मोफत आहे. पावलं, दार, पान उलटणं, दप्तराची चेन. हे सगळं माइकजवळ परत वाजवून घ्यायचं. चुरगळलेला प्लास्टिकचा कागद म्हणजे आग, टेबलावर ओली फडकी आपटली की मारामारी. निवेदन रेकॉर्ड करताना डोक्यावरून जाड चादर घ्या, घुमारा नाहीसा होतो. आणि जिथे शूटिंग झालं तिथली नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा. ती सगळ्या फिल्मखाली अंथरली की कटच्या जागी आवाज खड्ड्यात पडल्यासारखा वाटत नाही. संगीतासाठी सिनेमातली गाणी नकोत, ती दुसऱ्याची आहेत. बाकावर वाजवलेला ठेका पुरतो. अगदीच हवं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं, म्हणजे इतरांना वापरायची मुभा दिलेलं संगीत घ्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या.

ट्रिक करायची हौस सगळ्यांनाच असते. मुलगा गायब करायचा? कॅमेरा न हलवता शूटिंग थांबवायचं, मुलाने निघून जायचं, बाकीच्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं, परत सुरू. मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेच केलं. रोप वाढताना दाखवायचं असेल तर दादासाहेब फाळक्यांची आठवण सांगा: त्यांनी १९१२ च्या सुमाराला वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. त्यासाठी फोनची जागा मात्र दिवसेंदिवस तीच हवी, तेव्हा टेबलावर खुणा करा. मातीच्या आकृत्या एकेक फोटो काढत हलवायचा हट्ट असेल तर आधी हिशोब दाखवा: सेकंदाला १२ फोटो, म्हणजे १० सेकंदांना १२०. एका तासात तेवढंच होतं.

जोडकामाला लॅपटॉप एकच, म्हणून आधी कागदावर. प्रत्येक शॉटची एक चिठ्ठी, बाकावर मांडायची, क्रम बदलून बघायचा, दोन चिठ्ठ्या काढून टाकायच्या. मग लॅपटॉपवर गटाला २० मिनिटं पुरतात. जोडकामाचं सॉफ्टवेअर शॉटकट किंवा केडीएनलाइव्ह, दोन्ही मोफत. मॅक असेल तर आयमूव्ही. एक दृश्य पुसून दुसरं आणणाऱ्या किंवा फिरणाऱ्या चौकोनांच्या ट्रान्झिशनवर सरसकट बंदी घाला. पाचव्या तासाला शूटिंग केलेले गट सहाव्याला जोडतील, सहाव्याचे सातव्याला. आठवा तास फिल्म दाखवायचा, म्हणून शेवटच्या दोन गटांचं जोडकाम तासात बसत नाही. ते मधल्या सुट्टीत. त्यांना आधीच सांगा की शॉट्स गोष्टीच्या क्रमानेच घ्या, म्हणजे फक्त टोकं छाटायची राहतील.

पालकांची लेखी परवानगी दोन वेगळ्या ओळींत घ्या: वर्गात दाखवायला आणि वर्गाबाहेर दाखवायला. दुसरीला 'नाही' म्हणणारे निघतात, आणि त्यांचं म्हणणं तसंच पाळायचं. ज्या मुलांना कॅमेऱ्यासमोर यायचंच नाही, त्यांचे हात, पावलं, सावली, आवाज यांतून उत्तम पात्रं होतात. आणि दाखवताना कुणाचा फोन प्रोजेक्टरला जोडू नका. वरून कुणाच्या मावशीचा मेसेज उतरतो.

गुणांचं विचारलंत. फिल्मला गुण देऊ नका. तिथे चांगला फोन आणि नशीब यांना गुण पडतात. नोंदवही, १२ चौकोनांचा कागद आणि प्रत्येकाने लिहिलेला एक परिच्छेद, एवढ्यावर द्या. परिच्छेदाचा विषय एकच: आमच्या फिल्ममधला कोणताही एक कट घ्या आणि तो तिथेच का केला ते सांगा. इअरफोनवाल्या त्या मुलीने लिहिलं होतं, 'शॉट ७ आम्ही मध्येच तोडला कारण पुढे कबुतर आहे.' मी पूर्ण गुण दिले.